दिंडीत, भजनी मंडळात समलिंगी आणि ट्रान्सजेंडर मुलांचा छळ होऊ नये म्हणून: हे काम पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

आमच्या दिंडीत एक मुलगा नवव्या वर्षापासून यायचा. आजोबांचं बोट धरून आला, तेराव्या वर्षी पखवाजावर बसला. तो गौळण म्हणायला उभा राहिला की स्वयंपाकाकडच्या बायका हातातलं काम टाकून यायच्या. सोळाव्या वर्षी यायचा बंद झाला. आई म्हणाली, अकरावीचा अभ्यास आहे. आम्ही मान डोलावली.

खरं काय झालं ते त्याने मला तीन वर्षांनी सांगितलं. लोणंदच्या मुक्कामी राहुटीतल्या चार पोरांनी त्याची वळकटी उचलून बाहेर टाकली होती. "बायकांच्या राहुटीत जा, तिकडं शोभशील." तो माझ्याकडे आला होता. मी दुसऱ्या दिवशीच्या पाण्याच्या टँकरच्या गडबडीत होतो. "अरे, चेष्टा करतात पोरं. मनावर घेऊ नको, जा झोप," असं मी म्हणालो. उरलेली रात्र तो ट्रकच्या मागे बसून होता. मला यातलं काही आठवत नव्हतं. त्याला माझा शब्द न् शब्द पाठ होता.

त्यानंतर गेली चार वर्षं आम्ही काही जण आमच्या दिंडीत आणि गावातल्या भजनी मंडळात हे काम करतोय. पहिलं वर्ष चुकण्यातच गेलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय. माझे दाखले वारीतले आहेत, पण गणेश मंडळ, ढोल पथक, बालसंस्कार वर्ग, विहारातला युवक गट, चर्चमधला तरुणांचा गट, कुठेही पायऱ्या याच लागतात.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. धर्मात समलिंगी संबंध बसतात की नाही, हा वाद मिटायची वाट बघायची नाही. तो तुमच्या माझ्या हयातीत मिटेल असं दिसत नाही. कॅथलिक चर्चचं उदाहरण घ्या. त्यांच्या धर्मशिक्षणात समलिंगी संबंधांना मान्यता नाही. पण त्याच धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, म्हणजे कॅटेकिझममध्ये, २३५८ व्या परिच्छेदात अशा माणसांना आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने स्वीकारावं, त्यांच्याशी अन्यायाने भेदभाव करू नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. वसईतल्या किंवा गोव्यातल्या चर्चमध्ये काम करणाऱ्याला तेवढं वाक्य पुरेसं आहे. मुलाची वळकटी बाहेर फेकू नये, हे ठरवायला शास्त्रार्थ लागत नाही.

१. आधी शब्द नीट समजून घ्या

मुलगा असून मुलाकडे, मुलगी असून मुलीकडे ओढ वाटते ते समलिंगी. दोघांकडे वाटते ते उभयलिंगी. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झाली पण आतून मुलगीच आहे, किंवा याच्या उलट, ते ट्रान्सजेंडर. ओढ कोणाकडे आहे हा एक प्रश्न आणि आपण कोण आहोत हा दुसरा. नाजूक आवाजाचा मुलगा समलिंगी असेलच असं नाही आणि आखाड्यात कुस्ती मारणारा नसेलच असंही नाही. म्हणून कोणाकडे बघून अंदाज बांधत बसू नका. कोण काय आहे हे शोधून काढणं तुमचं काम नाही. ज्याला त्रास होतोय त्याचा त्रास थांबवणं एवढंच तुमचं काम.

२. एक महिना नुसतं बघा

छळ सभामंडपात होत नाही. आमच्याकडे तो पाच ठिकाणी सापडला: रात्रीची राहुटी, टँकरवरची आंघोळ, सामानाच्या ट्रकची मागची बाजू, जेवणाची पंगत आणि पोरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. पाचही ठिकाणी मोठं माणूस हजर नव्हतं, किंवा असून पाठमोरं होतं.

खिशात छोटी वही ठेवा. कोणता शब्द ऐकला, कुठे, किती वाजता, जवळ कोण मोठं होतं, एवढंच लिहा. मुलांची नावं लिहू नका. वह्या हरवतात, दुसऱ्याच्या हाती लागतात. महिन्याने ती वही कार्यकारिणीपुढे वाचा. "आमच्यात असलं काही नाही" म्हणणारे तिथे गप्प होतात, कारण शब्द त्यांनीही ऐकलेले असतात.

मुलींकडे वेगळं लक्ष द्या. मुलांचा छळ आवाज करतो, मुलींचा करत नाही. आमच्याकडच्या एका सतरा वर्षांच्या मुलीचा मैत्रिणीबरोबरचा फोटो फिरला. तिला कोणी एक शब्द बोललं नाही. फक्त पंगतीत तिच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहायला लागली. हे लक्षात यायला आम्हाला चार जेवणं लागली. मग महिला मंडळातल्या दोन आजी प्रत्येक पंगतीला तिच्या दोन्ही बाजूंना बसू लागल्या. बोलल्या काही नाहीत, भाजी वाढताना जरा सरकून घेतलं इतकंच. तिसऱ्या दिवशी बाकीच्या परत आल्या.

३. ज्येष्ठांना एकेकटे गाठा

सभेत विषय एकदम काढू नका. सभेत माणूस आपल्या मतापेक्षा आपल्या मानाची काळजी जास्त करतो. विणेकरी, चोपदार, अध्यक्ष यांच्या घरी जा, चहा घ्या, झालेला प्रसंग सांगा. मुलाचं नाव विचारतील, सांगू नका.

बोलताना बाहेरच्या गोष्टी आणायची गरज पडत नाही, आपल्या घरात खूप आहे. वारीत आपण अनोळखी बाप्याला आणि बाईला सारखंच "माउली" म्हणतो आणि वाकून पाया पडतो. ज्ञानेश्वर महाराज पुरुष, ते माउली. विठ्ठल पुरुष, तो विठाई. सत्तरीचे बुवा रोज रात्री गवळणीच्या तोंडून गौळण गातात, मान वेळावतात, आणि आपण डोळे मिटून ऐकतो. मग सोळा वर्षांच्या पोराने तीच गौळण गोड म्हटली तर त्याला बायल्या का म्हणायचं? हा प्रश्न मी आमच्या बुवांना विचारला. ते बराच वेळ बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी भजनाला बसण्याआधी त्यांनी स्वतःच पोरांना समज दिली.

पंढरपूरची आठवणही द्या. चोखोबांची समाधी नामदेव पायरीपाशी, मंदिराच्या दाराबाहेर आहे. ते दार दलितांना उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी तिथल्या तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं, दहा दिवस. तेव्हाही आधी "रूढी आहे" असंच उत्तर मिळत होतं. आमच्या अध्यक्षांच्या वडिलांनी तो काळ पाहिला होता. त्यांना पुढे काही सांगावं लागलं नाही.

इथला खड्डा: पुराणातले दाखले देऊन वाद जिंकायला जाऊ नका. अर्धनारीनटेश्वर, शिखंडी, नेवाशाचा मोहिनीराज, सगळं आपलंच आहे, आणि एखाद्या मुलाला त्यातून धीर मिळत असेल तर जरूर सांगा. पण सभेत हे काढलं की चर्चा देवांवर जाते आणि मुलगा बाजूला राहतो. शिवाय "म्हणजे त्यांच्यात दैवी अंश असतो" असं म्हणून लोक हात जोडतात आणि लांबच बसतात. मुलाला तेही नको असतं. त्याला टाळ हातात घेऊन रांगेत उभं राहायचं असतं.

४. नियम लिहा आणि ठराव करून घ्या

तोंडी समजुतीवर राहू नका. पुढच्या वर्षी पदाधिकारी बदलतात आणि समजूत त्यांच्याबरोबर जाते. तुमचं मंडळ नोंदणीकृत असो वा नसो, कार्यकारिणीच्या सभेत ठराव मांडा, सूचक आणि अनुमोदक यांची नावं इतिवृत्ताच्या वहीत येऊ द्या. आमचा ठराव असा आहे:

"कोणाचाही आवाज, चाल, अंगकाठी, कपडे, जात, किंवा तो अथवा ती मुलगा आहे की मुलगी, कोणावर प्रेम करते, यावरून चिडवणे, नाव ठेवणे, एकटे पाडणे, अंगाला हात लावणे, फोटो वा व्हिडिओ फिरवणे दिंडीत चालणार नाही. बायल्या, छक्का, मिठा, हिजडा हे शब्द चिडवण्यासाठी वापरले जाणार नाहीत. तक्रार करणाऱ्याला कारण विचारले जाणार नाही."

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. शब्द नावानिशी लिहिले. "सर्वांशी प्रेमाने वागावे" एवढंच लिहिलं की प्रत्येकाला वाटतं, आपण तसंच वागतो. आणि चिडवण्याची सगळी कारणं एकत्र घेतली, म्हणजे तक्रार करायला येणाऱ्या मुलाला "मी समलिंगी आहे" हे आधी कबूल करावं लागत नाही. शेवटचं वाक्य त्याचसाठी आहे.

ठराव राहुटीच्या खांबाला लावा. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, सामानाची यादी वाचतात तेव्हा, हाही वाचा.

५. शब्द तिथल्या तिथे थांबवा

सगळ्या कामात हेच सर्वांत मोठं आहे आणि सर्वांत अवघडही. ठराव वहीत राहतो. राहुटीत कोणी "ए मिठा, पाणी आण" म्हणालं की पुढच्या पाच सेकंदांत कोणी मोठं माणूस काय करतं, त्यावरून ते पोर ठरवतं की ही जागा आपली आहे की नाही.

वाक्य ठरवून ठेवा आणि दर वेळी तेच म्हणा. आमचं वाक्य आहे: "हा शब्द इथं चालत नाही." आवाज चढवायचा नाही, पण ज्यांनी शब्द ऐकला त्या सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे. पुढे भाषण नको. हातातलं काम पुढे चालू करा. त्या पोराशी नंतर, एकटं गाठून बोला.

"त्याला वाईट वाटतं रे" असं कधीही म्हणू नका. मी सुरुवातीला तेच म्हणायचो. त्याने सगळ्यांच्या माना त्या मुलाकडे वळतात, आणि चिडवणाऱ्याला कळतं की बाण लागला. "मला चालत नाही," "दिंडीला चालत नाही," असं म्हणा. भार स्वतःवर घ्या.

बोलणारा मोठा असेल तर? आमच्या गावात एका कीर्तनकारांनी रंगात येऊन बायकी पुरुषांवर विनोद केला. मंडप हसला. मी मुलांकडे पाहिलं, एक जण जमिनीकडे बघत होता. भर कीर्तनात थांबवणं आम्हाला जमलं नाही, आणि ते योग्य झालं असतं असंही मला वाटत नाही. पण बिदागी आणि नारळ देताना अध्यक्षांनी हात जोडून सांगितलं, "महाराज, आमची लहान पोरं समोर असतात, तेवढा विनोद पुढच्या वेळी नको." आता निमंत्रणाचा फोन करतानाच सांगतो. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. गणेशोत्सवातल्या नकला आणि विनोदी नाटुकल्यांचंही तसंच. तालमीला जाऊन बसा. साडी नेसलेला पुरुष हा भारुडात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, त्यात गैर काही नाही. प्रेक्षक भारुडाला हसतायत की "तसल्या" माणसाला, एवढं पाहा.

६. राहुटी, आंघोळ, प्रवास

राहुटीच्या दोन्ही टोकांना एकेक जाणतं माणूस झोपेल. रात्रभर एक दिवा चालू राहील. कोणाशेजारी झोपायचं हे मुलाने निवडायचं, आणि जागा बदलून मागितली तर का म्हणून विचारायचं नाही. आंघोळीसाठी टँकरपासून जवळ चार बांबू आणि ताडपत्रीचा आडोसा उभा करतो. तो कोणासाठीही आहे. सोवळ्यातले आजोबा वापरतात, पायाला जखम झालेला माणूस वापरतो, म्हणून तिथे जाणाऱ्या मुलाकडे कोणी बघत नाही. "खास" सोय करू नका. खास सोय म्हणजे गळ्यात पाटी.

ट्रान्सजेंडर मूल कुठल्या राहुटीत झोपेल हे आपण ठरवू नये. त्याला, तिला एकटं विचारा, मग तिथल्या मोठ्यांशी बोला. नाव बदललं असेल तर ते म्हणतील त्याच नावाने हाक मारा. पण घरच्यांसमोर कोणतं नाव घ्यायचं, हेही आधी विचारून घ्या.

७. तक्रार आली की

त्याच दिवशी हाताळा. ज्याला त्रास झाला त्याचं आधी, एकट्याचं ऐका. दोघांना समोरासमोर बसवून "हात मिळवा, विषय संपला" करू नका. समोर चार पोरं असताना तो हात मिळवणारच, आणि रात्री दुप्पट भोगणार. जागा बदलायची तर चिडवणाऱ्याची बदला. त्रास झालेल्याला हलवलं की शिक्षा त्यालाच झाली.

चिडवणारा हाही पोरच असतो. त्याला मारू नका, सगळ्यांसमोर उभं करू नका. त्याच्या घरी सांगताना "तुमच्या मुलाने एकाला घाण शब्द वापरले, वळकटी फेकली" एवढंच सांगा. कोणाला आणि कोणत्या कारणाने, हे सांगितलंत तर रात्रीपर्यंत गावभर होतं.

मूल १८ वर्षांखालचं असेल आणि प्रकार लैंगिक असेल, म्हणजे तशा हेतूने हात लावणं किंवा अश्लील चित्रफीत दाखवणं, तर विषय दिंडीचा राहत नाही. २०१२ चा बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदा, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात, मुलगे आणि मुली दोघांनाही लागू आहे आणि त्यात पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "दिंडीची बदनामी होईल" म्हणून दाबलंत तर दोषी तुम्हीही.

८. मूल स्वतःहून सांगतं तेव्हा

ते समोर बसून सांगत नाही. भांडी घासताना, ट्रकमध्ये शेजारी बसून अंधारात, पायाला तेल लावता लावता सांगतं. आमच्या त्या मुलाने मला सांगितलं तेव्हा तो पखवाजाला कणीक लावत होता, मान वर न करता. तुम्हीही हातातलं काम चालू ठेवा. दचकून त्याच्याकडे वळू नका.

काय म्हणायचं ते थोडं आहे. "सांगितलंस, बरं केलंस. आपल्यात काही बदललं नाही. कोणी त्रास देतंय का?" बस.

"मला आधीच माहीत होतं" म्हणू नका, त्याला वाटतं सगळ्यांनाच माहीत आहे. "वय असतं, लग्न झालं की होईल ठीक" म्हणू नका. "नामस्मरण कर, जाईल" तर अजिबात नको. ज्या नामाने त्याला आजवर आधार दिला, तेच औषध म्हणून कडू होऊन बसतं.

ही गोष्ट त्याची आहे. बायकोला नाही, अध्यक्षांना नाही, त्याच्या आईला तर नाहीच नाही. चांगल्या हेतूने घरी सांगितल्यामुळे मुलांचं शिक्षण बंद झालेलं, मुलींची घाईने लग्नं उरकलेली मी पाहिली आहेत. पण "कोणालाच कधीच सांगणार नाही" असं वचनही देऊ नका. सुरुवातीलाच सांगा: "तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी अत्याचार करत असेल, तरच मला दुसऱ्याची मदत घ्यावी लागेल, आणि तेव्हाही आधी तुला सांगेन."

जिवाचं काही बोललं तर विचारायला घाबरू नका: "मरून जावंसं वाटतं का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. लहान मुलांसाठी १०९८. तातडीला ११२.

९. "उपाय" करणाऱ्यांपासून जपा

घरी कळलं की देवऋषी, भगत, "हमखास" डॉक्टर यांची वर्दळ सुरू होते. पालक तुमच्याकडे सल्ल्याला आले, आणि ते येतात कारण तुमच्या गळ्यात माळ आहे, तर स्पष्ट सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ती "बरी" करण्याचे उपचार हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये कळवलं आहे. अंगात काही शिरलंय म्हणून मिरचीची धुरी देणं, बांधून मारणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. आणि "हे बेकायदेशीर आहे ना?" असं विचारलं तर: सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांचा तो निकाल आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या संरक्षणासाठी २०१९ चा स्वतंत्र कायदा आहे.

आईवडिलांना दोष देऊ नका. त्यांची पहिली रात्र फार वाईट जाते. त्यांना त्यांच्यासारख्याच आईबापांशी जोडून द्या. "स्वीकार" हा अशा पालकांचा गट आहे. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांसाठी काम करतो; पुण्यात अशाच कामासाठी समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये सुरू झाला.

जवळ काय ठेवायचं

– ठरावाची प्रत, राहुटीगणिक एक
– तक्रारीसाठी दोन माणसं, एक बाई आणि एक बाप्या, दोघांचे मोबाइल क्रमांक मोठ्या अक्षरात
– नावं नसलेली नोंदवही
– वरचे तीन हेल्पलाइन क्रमांक, ओळखपत्राच्या मागे छापलेले. म्हणजे प्रत्येकाच्या गळ्यात असतात आणि कोणाला मागावे लागत नाहीत
– बांबू, ताडपत्री, दिवा, चार्ज केलेली बॅटरी
– व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला दोन मोठे अ‍ॅडमिन, जे रोज ग्रुप उघडून बघतात

१०. जे निघून गेले त्यांना निरोप

तुमच्याही मंडळात "अभ्यासामुळे" बंद झालेली दोन-तीन पोरं असतील. आठवून बघा. घरी जाऊ नका, फोनवर गाठून बोलायला लावू नका. फक्त त्यांच्याच मोबाइलवर एक निरोप पाठवा, कोणी वाचला तरी अडचण होणार नाही असा. मी असा पाठवला होता: "आपल्या दिंडीत आता नियम केलाय, कोणी कोणाला चिडवायचं नाही. मी राहुटीतच झोपतो. तेव्हा मी ऐकून घ्यायला हवं होतं. यावंसं वाटलं तर एक दिवस ये, टाळ ठेवलाय."

उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवू नका. पुढच्या वर्षी, पालखी निघायच्या आधी, एकदा पाठवा. मला दोन वर्षं उत्तर आलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी वाखरीच्या रिंगणाला तो सकाळीच येऊन उभा होता, संध्याकाळच्या गाडीने परत गेला. पखवाज मागितला नाही, आम्हीही पुढे केला नाही. यंदाच्या यादीत त्याचं नाव अजून नाही. पण त्याच्या वळकटीची जागा दिव्याजवळ धरून ठेवली आहे.